उन्हाळ्यातला चोणक: नदीकाठावरून गरवण्याची पद्धत

एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी दुपारी दोन वाजता पणजी-रायबंदर रस्त्यावरून जाताना कठड्यापाशी दोन-चार जण गरी टाकून बसलेले हमखास दिसतात. चिऱ्यांची धग चपलेच्या तळातून पायाला लागत असते, पाणी तेलासारखे स्थिर असते आणि त्यांच्या पिशवीत फार तर एखादा शिंगाळा असतो. संध्याकाळ व्हायच्या आत ही मंडळी सामान आवरतात आणि उन्हाळ्यात चोणक मासा आमिषाला तोंड लावत नाही, असा समज करून घेऊन घरी जातात. माझा अनुभव नेमका उलट आहे. मार्च ते मे हा काठावरून चोणक गरवण्याचा चांगला काळ आहे, मात्र त्यासाठी दिवस, वेळ आणि उभे राहण्याची जागा या तीन गोष्टी पाण्याच्या चालीवरून ठरवाव्या लागतात, आपल्या सुट्टीवरून नव्हे.

आपण ज्याला चोणक म्हणतो, तोच रायगडचा जिताडा, बंगालची भेटकी आणि ऑस्ट्रेलियाची बारामुंडी. थंड देशांतल्या तळ्यांमधल्या बास माशाविषयी जो सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, तो या माशाला जसाच्या तसा लावू नये. तो मासा ऊन वाढले की खोल, गार पाण्यात उतरतो. चोणक मुळातच उष्ण कटिबंधातला आहे आणि २६ ते ३० अंशांचे पाणी त्याला मानवते. त्याची अडचण उष्णतेपेक्षा प्राणवायूची आहे. २० अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतला प्राणवायू लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅमपर्यंत मुरू शकतो, तर ३० अंशांना हाच आकडा साडेसातच्या आसपास येतो आणि पाणी खारे असेल तर त्याहूनही खाली जातो. त्यामुळे तापलेल्या, थांबलेल्या पाण्यात चोणक सुस्त पडून राहतो आणि तेच पाणी वाहू लागले की तासाभरात शिकारीला निघतो.

गोव्यात उन्हाळ्यात पाणी वाहते ते केवळ भरती-ओहोटीमुळे. पावसाळा संपल्यावर डोंगरातून येणारे गोडे पाणी आटत जाते आणि मांडवी, झुआरी, शापोरा, साळ या नद्या म्हणजे जमिनीत शिरलेले समुद्राचे लांब हात बनतात. मांडवीत तर भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांज्यापर्यंत जाणवतो. म्हणून मे महिन्यातला चोणक शोधायचा म्हणजे भरती-ओहोटीचा हिशेब मांडायचा.

दिवस आणि वेळ ठरवणे

हा हिशेब घरातल्या दिनदर्शिकेवर होतो. भरतीची वेळ दर तिथीला सुमारे ४८ मिनिटांनी पुढे सरकते. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते आणि मुरगावला ती साधारण तासभर आधी, म्हणजे अकराच्या आसपास असते. तिथीच्या आकड्याला ४८ मिनिटांनी गुणून त्यातून तास वजा केला, तर आपल्या किनाऱ्यावरच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते. तृतीयेचे गणित करून पाहू. तीन गुणिले ४८ म्हणजे दोन तास चोवीस मिनिटे. त्यातून तास वजा केल्यावर दुपारी दीडच्या आसपास भरती आणि तिथून सुमारे सहा तासांनी, साडेसातला ओहोटी. हा अंदाज अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्यापूर्वी मुरगाव बंदराच्या छापील वेळांशी तो ताडून घ्यावा. शिवाय मुखापासून आत जावे तसा उशीर वाढत जातो. मिरामारला पाणी वळले, तरी जुन्या गोव्याच्या धक्क्याजवळ ते अजून चढतच असते. आपल्या नेहमीच्या जागेचा उशीर एकदा घड्याळ लावून मोजावा आणि वहीत लिहून ठेवावा. त्या उन्हाळ्यात पुन्हा मोजण्याची गरज पडत नाही.

आता उन्हाळ्याची गरज काय, ते पाहू. प्रकाश कमी झालेला असावा आणि त्याच वेळी पाणी जोरात चालत असावे. मेमध्ये सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो. द्वितीया ते चतुर्थी या तिथींना दुपारी भरून गेलेले पाणी संध्याकाळी पाच ते साडेसात या वेळात ओसरत असते, म्हणजे ओहोटीचा शेवटचा, सर्वांत कामाचा भाग नेमका तिन्हीसांजेला मिळतो. एकादशी ते त्रयोदशी या तिथींना याच्या उलट घडते. दुपारी ओसरलेले पाणी संध्याकाळी चढत असते आणि मुखाकडचे ताजे, गार पाणी आत आणत असते. पहाटेचे चित्रही जवळपास असेच असते, कारण दोन भरत्यांमध्ये साडेबारा तासांच्या आतले अंतर असते. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांत हे गणित चालते, तेव्हा महिन्याला बारा-तेरा चांगल्या संध्याकाळी मिळतात. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांत, भरती सोयीच्या वेळी, साडेपाच-सहाला येते खरी, पण पाण्याला जोर नसतो. तो दिवस सामानाची डागडुजी करण्यात घालवलेला बरा. उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढते-उतरते, भांगाला त्याच्या निम्मेच. अमावास्या-पौर्णिमेच्या थेट दिवशी अकराच्या उन्हात भरती आणि पाचच्या सुमारास ओहोटी असते, त्यामुळे जोर भरपूर असूनही अंधार पडेपर्यंत भरतीची सुरुवात तेवढी हाती लागते.

जागा: मानस आणि तिचा खालचा डोह

गोव्यात काठावरून चोणकासाठी मानशीसारखी दुसरी जागा नाही, असे माझे मत आहे. खाजन शेतीच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल खारजमिनीतल्या शेतीच्या, बांधात बसवलेली ही लाकडी झडपांची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि नदीचे पाणी आतल्या पोयीपेक्षा (बांधाआडच्या तळ्यापेक्षा) खाली गेले की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. दार उघडल्यावर कोळंबी, शेवटा माशाची पिल्ले आणि बारीक मासळी पाण्याबरोबर बाहेर फेकली जाते. वर्षानुवर्षे त्या धारेने दाराखाली एक डोह कोरलेला असतो आणि चोणक त्याच्या कडेला, प्रवाहाच्या बाजूच्या संथ पट्ट्यात तोंड दाराकडे करून उभा राहतो. तो धारेच्या मधोमध पोहत बसत नाही, कारण त्यात त्याची शक्ती खर्च होते.

उन्हाळ्यात इथे एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. पोयीतले पाणी उथळ असते आणि दुपारभर तापते. दार उघडल्यावर पहिला अर्धा तास हेच पाणी बाहेर येते. ते इतके कोमट असते की नदीच्या पाण्यात हात घालून मग त्या धारेत घातला, तर बोटांना फरक चटकन कळतो. त्या वेळी डोहात गरी टाकून फारसा उपयोग होत नाही. धार नदीच्या प्रवाहाला जिथे मिळते, तिथे पाण्यावर फेसाची आणि काड्याकचऱ्याची एक वाकडी रेघ दिसते. ती रेघ सापडली की आमिष तिच्या नदीकडच्या बाजूने सोडावे. सूर्य कलून धारेचा कोमटपणा कमी झाला की तेच मासे हळूहळू दाराजवळ सरकतात.

मानशीवर जाण्याआधी परवानगीची बाब पाहावी. पोयीतल्या आणि मानशीवरच्या मासेमारीच्या हक्कांचा गावात लिलाव होतो आणि घेणाऱ्याने त्यासाठी पैसे मोजलेले असतात. बांधाच्या आतल्या बाजूला विचारल्याशिवाय गरी टाकू नये, आणि दाराला जाळे लावलेले असेल तर बाहेरच्या बाजूलाही उभे राहू नये. एक तर ते सभ्यतेला धरून नाही, आणि दुसरे म्हणजे जाळे लागले की बाहेर काहीच येत नाही, मग चोणक तिथे कशाला थांबेल? मी सहसा मानसकऱ्याला आधी भेटतो. जाळे कोणत्या रात्री नसेल हे तो सांगतो, आणि ती माहिती कोणत्याही महागड्या आमिषापेक्षा मोलाची असते.

मानस जवळ नसेल तर पुलाची सावली धरावी. रात्री पुलावरचे दिवे पाण्यावर उजेडाचा पट्टा टाकतात. बारीक मासळी उजेडात जमते आणि चोणक काळोखाच्या बाजूला, रेषेपासून हातभर आत राहून तिच्याकडे पाहत असतो. आमिष उजेडातून काळोखात जाईल असे ओढावे. पुलावर उभे राहून गरवू नये, खालच्या काठावरूनच टाकावे. वाहनांच्या गर्दीत मागे नेलेली काठी कोणाच्या डोळ्यात जाईल, सांगता येत नाही. खारफुटीच्या कडेला भरतीचे पाणी मुळांत शिरते तेव्हा आणि फेरीबोटीच्या धक्क्याजवळ बोट निघून गेल्यावर ढवळलेल्या पाण्यातही मासा मिळतो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा पोर्तुगीजांचा पूल-रस्ता १६३४ मध्ये पूर्ण झाला. त्याच्याखालची पाण्याची तोंडे आजही ओहोटीला तशीच धार सोडतात.

दोन जागा मात्र टाळाव्यात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. खाजनातले शेतकरी पौष अमावास्येला मातीची मगर थापून तिची पूजा करतात, ती उगाच नव्हे; त्या भागात पाण्यात पाय सोडून बसणे किंवा मासा सोडण्यासाठी कंबरभर पाण्यात उतरणे हा वेडेपणा आहे. दुसरे म्हणजे मोरजी, आश्वे-मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर सागरी कासवे अंडी घालतात. तिथे रात्री दिवे घेऊन गरवायला जाऊ नये.

साहित्य

साहित्यावर फार शब्द खर्च करण्यासारखे काही नाही. आठ ते नऊ फुटांची, १५ ते ४० ग्रॅम वजन फेकणारी काठी, ४००० मापाचे रीळ आणि ३० पौंडी विणलेला दोरा एवढे पुरते. महत्त्वाचा आहे तो शेवटचा हातभर भाग. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते आणि बांधाच्या चिऱ्यांवर कालवे चिकटलेली असतात. म्हणून दोऱ्याच्या टोकाला ४० ते ५० पौंडी जाड तंगूस (नायलॉनचा एकेरी दोरा), निदान ७० सेंटिमीटर, बांधलेच पाहिजे. उन्हाळ्यात पाणी स्वच्छ असल्यामुळे याहून जाड तंगूस माशाला दिसतो आणि याहून बारीक टिकत नाही. प्रत्येक झटापटीनंतर शेवटची वीतभर तंगूस बोटांत धरून चाचपावी. खरखरीत लागली की लगेच कापून गाठ नव्याने मारावी. हा आळस मला दोनदा महागात पडला आहे आणि दोन्ही वेळा मासा मोठा होता.

रिळाचा ताण दोऱ्याच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याइतका, म्हणजे तीन-साडेतीन किलो ठेवावा. तो घरीच पाण्याची बाटली टांगून मोजता येतो.

आमिष

जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, हे उन्हाळ्यातले सर्वांत खात्रीचे आमिष. अडचण ते जिवंत ठेवण्याची असते, कारण बादलीतले पाणी नदीच्या पाण्यापेक्षा लवकर तापते आणि सुंगटे प्राणवायूअभावी मरतात. त्यासाठी थर्माकोलचा डबा वापरावा, त्यात बॅटरीवर चालणारा बुडबुड्यांचा पंप सोडावा आणि बर्फ थेट पाण्यात न टाकता बंद बाटलीत भरून टाकावा. बर्फाचे गोडे पाणी डब्यात मिसळले की सुंगटे आणखी लवकर मरतात. गळ शेपटीच्या शेवटच्या कांड्यातून घालावा; डोक्यातला काळा ठिपका टाळला तर डोक्यातूनही चालतो. वीतभर शेवटा मिळाला तर त्याच्या पाठीतून, कण्याच्या वरून गळ घालावा. चार ते पाच शून्य मापाचा गोलाकार गळ वापरल्यास तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यातच बसतो, घशात जात नाही. सोडायच्या माशासाठी हा फरक जीवनमरणाचा असतो.

नकली आमिष वापरायचे असेल तर तिन्हीसांजेला चार-पाच इंची रबरी मासा दहा ते वीस ग्रॅमच्या शिसाच्या डोक्यावर लावावा, आणि अंधार पडल्यावर पाण्याच्या वरच्या थरात चालणारा लाकडी किंवा प्लास्टिकचा मासा. स्वच्छ पाण्यात दिवसा चंदेरी-हिरवा रंग आणि रात्री गडद रंग, एवढाच नियम मी पाळतो. दुकानात रंगांवर जेवढी चर्चा होते, तेवढी ती मासा करत नाही.

टाकणे, ओढणे आणि लागलेला मासा

काठावर पोहोचल्यावर लगेच टाकू नये. आधी पाच मिनिटे लांब उभे राहून पाणी पाहावे. बारीक मासळी एकाएकी पाण्याबाहेर उडते का, शेवट्यांचा थवा काठाला चिकटून का चालला आहे, 'डुप्प' असा खोल आवाज कुठून येतो, हे पाहावे आणि ऐकावे. चोणक भक्ष्य चावत नाही. तोंड एकदम उघडून ते पाण्यासकट ओढून घेतो, आणि तो आवाज त्या ओढीचा असतो. एकदा ऐकला की विसरत नाही. पावलांचा धप्पधप्प आवाज आणि पाण्यावर मारलेला विजेरीचा झोत या दोन गोष्टींनी काठालगतचा मासा पळतो, म्हणून विजेरी मागे वळूनच लावावी.

आमिष प्रवाहाच्या वरच्या अंगाला, आडवे टाकावे आणि दोरा जेमतेम ताणलेला ठेवून ते प्रवाहाबरोबर खाली येऊ द्यावे. सुंगट पाण्याविरुद्ध ओढले तर ते गरागरा फिरते, आणि असे फिरणारे सुंगट चोणकाने आयुष्यात पाहिलेले नसते. नकली मासा ओढताना तीन-चार वळसे, मग क्षणभर विसावा, अशी चाल ठेवावी. बहुतेक वेळा मासा त्या विसाव्यातच घेतो. एका जागी पंधरा-वीस वेळा टाकूनही काही झाले नाही तर दहा पावले पुढे सरकावे. पाणी पूर्ण थांबले की अर्धा तास बसून पाणी प्यावे.

गोलाकार गळावर मासा लागल्यावर झटका मारायचा नसतो. दोरा चालू लागला की काठी हळूहळू भरू द्यावी आणि रीळ फिरवावे. गळ आपोआप बसतो. मासा पहिल्याच धावेत उडी मारतो आणि हवेत डोके झटकतो. त्या क्षणी काठीचे टोक पाण्याकडे खाली न्यावे, नाहीतर सैल झालेल्या दोऱ्यातून गळ निसटतो. त्यानंतर मात्र सौम्यपणा नको. गरम पाण्यात झटापट लांबली की मासा इतका थकतो की सुटल्यावरही वाचत नाही, म्हणून जाड दोरा आणि पुरेसा ताण वापरून त्याला लवकर काठाला आणावे.

हातातला मासा

इथे माझ्याच हातून घडलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी मेच्या सुरुवातीला, सूर्य अजून वर असताना, एक भलामोठा चोणक लागला. तो सोडायचा हे मनात पक्के होते, पण फोटोसाठी मी त्याला बांधाच्या चिऱ्यावर आडवा ठेवला. फोन काढून नेम धरेपर्यंत मिनिटभर गेला असेल. उचलताना त्याच्या कुशीची बुळबुळीत साय चिऱ्याला चिकटून राहिली आणि खवल्यांचा हातभर पट्टा कोरडा, पांढुरका झाला. पाण्यात धरला तर त्याने कल्ले दोनदा हलवले आणि तो कलंडून ओहोटीबरोबर गेला. तेव्हापासून मी ओला गोणपाट आणि लांब दांड्याची झोळी घेतल्याशिवाय घरातून निघत नाही.

सोडायचा मासा झोळीतच, पाण्यात ठेवून गळ काढावा. त्यासाठी गळाचा काटा घरीच पकडीने दाबून सपाट करून ठेवावा. हात ओले असावेत, बोटे कल्ल्याच्या झाकणाखाली जाऊ देऊ नयेत. उचलायचाच असेल तर एका हाताने खालचा जबडा आणि दुसऱ्याने पोट आधाराला धरून आडवा उचलावा. जबड्याला धरून उभा लोंबकळवला तर जड माशाच्या कण्याला इजा होते. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरावे, म्हणजे पाणी आपोआप कल्ल्यांतून जाईल. मागेपुढे ढकलत बसू नये. शेपूट स्वतःहून जोरात मारली की हात काढावा, मग त्याला दोन मिनिटे लागोत की दहा.

कोणता ठेवायचा आणि कोणता सोडायचा, यामागे या माशाचे एक वैशिष्ट्य आहे. चोणक आधी नर म्हणून वयात येतो आणि पुढे, साधारण ८० ते १०० सेंटिमीटरच्या टप्प्यावर, मादी होतो. म्हणजे मोठे मासे बहुतेक माद्याच असतात, आणि मेमध्ये त्या पावसाळ्यातल्या अंडी घालण्यासाठी नदीमुखाकडे सरकत असतात. मी साठ सेंटिमीटरच्या आसपासचा, दोन-तीन किलोंचा एकच मासा ठेवतो. रव्यात तळायला त्याचेच तुकडे चांगले लागतात. मोठ्याचे मांस जाडेभरडे असते. ठेवलेला मासा तिथल्या तिथे मारून, कल्ल्याजवळ कापून रक्त काढावे आणि बर्फ व खारे पाणी यांच्या मिश्रणात बुडवावा. उन्हाळ्यात दोरीला बांधून पाण्यात सोडलेला मासा तासाभरात मऊ पडतो.

स्वतःची काळजी

दुपारी चारच्या आधी काठावर जाण्याचे कारण नाही. रुंद टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, शेवाळावर न घसरणारे बूट आणि माणशी दोन लिटर पाणी एवढे लागते. जोडीला मीठ घातलेले कोकम सरबत असावे. हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम नेमका याच महिन्यांत येतो आणि काठावरच्या मित्रमंडळींत बाटली निघतेच, पण उन्हात ती अंगातले पाणी आणखी काढते आणि अंधारात बांधावरून चालायचे असते. उथळ चिखलात उतरावे लागलेच तर पाय घासत चालावे, म्हणजे तळाशी पडलेला, शेपटीत विषारी काटा असलेला वागळा मासा दूर सरकतो. मेच्या उत्तरार्धात संध्याकाळी पूर्वेकडे ढग जमून गडगडाट ऐकू आला तर मासा लागलेला असला तरी दोरा कापावा आणि काठी खाली ठेवून निघावे. कार्बनची काठी विजेला वाट करून देते.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर नद्या लाल होतात, गोडे पाणी खाऱ्याला मुखाकडे ढकलते आणि वरचा तिथीचा हिशेब आतल्या भागात जुळेनासा होतो. चोणक तेव्हा मुखांजवळ असतो आणि समुद्र खवळलेला. मी त्या आठवड्यात रीळ उघडून गोड्या पाण्याने धुतो, तेल देतो आणि वहीतल्या उशिराच्या नोंदी पुढच्या वर्षासाठी नव्या पानावर उतरवून ठेवतो.